महालक्ष्मीची बैठक

रागिणीचे सासरे कमलाकांत वकील यांना जगातल्या प्रत्येक वस्तूचं मूळ आणि कूळ ठाऊक असे. पडवळ कोणत्या तिथीला खाऊ नये, कोणतं आडनाव मुळात कोणत्या गावचं, माणसाच्या नाकावरून त्याच्या आजोबाचा धंदा कसा ओळखावा, विचारायची खोटी. नाही विचारलं तरी सांगत. कोर्टात न्यायाधीशांनी त्यांचं आयुष्यभर फारसं ऐकून घेतलं नव्हतं. वकिली सोडल्यावर त्याचं उट्टं ते घरात काढत होते.

अमरावतीला रुक्मिणीनगरात त्यांचा बंगला. बंगल्यात ते, त्यांच्या पत्नी कुंदाताई, मुलगा ईशान आणि सून रागिणी. रागिणी आणि ईशान एकाच बँकेत, तिथंच जुळलेलं. रागिणीचं माहेर बाळापूरकडचं, कपाशी-तुरीचं शेतकऱ्याचं घर, आणि त्या घरात रविवारी मटण शिजे. कमलाकांतरावांना एवढा एक गुन्हा पुरेसा होता. लग्न त्यांनी मोडलं नाही, कारण आपण पुरोगामी आहोत असं ते सकाळी वडाळीच्या तलावावर फिरायला येणाऱ्या मंडळींना सांगत. मात्र सून देवघराच्या उंबऱ्याअलीकडे राहील आणि महालक्ष्म्यांच्या स्वयंपाकाला तिचा हात लागणार नाही, हे त्यांनी पहिल्याच भाद्रपदात गोड आवाजात सांगून टाकलं. वर म्हणाले, "यात अपमान काही नाही बरं का रागिणी. शास्त्र आहे."

शास्त्र असं होतं, की रागिणीनं बँकेतून रजा काढून सोळा भाज्या निवडायच्या, चिरायच्या आणि टोपलीत भरून स्वयंपाकघराच्या दाराशी ठेवायच्या. कच्च्या भाजीला विटाळ नसतो. ती शेगडीवर चढली की विटाळ सुरू होतो. शास्त्राला कामाची बरोबर जाण होती.

हे सगळं रागिणीनं गिळलं. गिळवलं नाही ते तिच्या आईचं जेवण. जमुनाबाईंना दरवर्षी महालक्ष्म्यांच्या जेवणाचं बोलावणं जाई. नव्या लुगड्याची घडी मोडून, देवीसाठी खण-नारळ घेऊन त्या एस.टी.नं येत. हॉलमध्ये केळीच्या पानांवर पंगत बसली की कुंदाताई त्यांना व्हरांड्यात खुर्ची देत आणि हातात कागदाची प्लेट. "तुम्हाला खाली बसायला त्रास होतो ना." दिवसभर वाकून कापूस वेचणाऱ्या बाईला कसला आलाय खाली बसायचा त्रास! पण जमुनाबाई हसून प्लेट घेत, पोटभर जेवत आणि पुढच्या वर्षी पुन्हा येत. रागिणीला सासऱ्यांपेक्षाही या येण्याचा राग होता.

"माय, यंदा नको येऊ," ती फोनवर सांगायची.

"काहून? देवी काय एकट्या तुह्या सासऱ्याची हाय?" असं म्हणून माय यायचीच.

यंदा रागिणीनं मनाशी पक्कं केलं होतं. माय हॉलमध्ये पानावर बसेल, नाहीतर दोघीही या घरातलं अन्न शिवणार नाहीत. हे घडवून कसं आणायचं, ते मात्र तिला सुचत नव्हतं. ते तिला सासऱ्यांनीच सुचवलं.

महालक्ष्म्या दोघी, मोठी आणि धाकटी. धाकटी साध्या लाकडी घडवंचीवर उभी राही. मोठीची बैठक लोखंडी होती, चार वाकड्या पायांची, लांबट पेटीसारखी. वर पाट टाकला की देवी उभी. कमलाकांतरावांच्या आजीनं ही बैठक देवीखाली घातली आणि घराण्याला नियम घालून दिला की ही बदलायची नाही, आणि रंगवल्याशिवाय हिच्यावर देवी बसवायची नाही. त्यामुळे दर श्रावणात घरात जो ऑइलपेंट उरलेला असेल तो हिच्यावर चढे आणि व्हरांड्यात उलटी ठेवून ती वाळवली जाई. खिडक्यांचा पिस्ता, फाटकाचा काळा, कुणाच्या मुंजीच्या वर्षीचा गुलाबी, आणि या सगळ्यावर देवीचा म्हणून लाल. रंग इतका साचला होता की बैठकीला कोपरे उरले नव्हते.

या वर्षी तलावावरच्या मंडळींपैकी एकाच्या घरी जुनी काळी समई घासताना पंचधातूची निघाली. तो गृहस्थ रोज समईचीच गोष्ट सांगू लागला. दुसऱ्याचं घराणं एका समईनं आपल्या पुढं जातं म्हणजे काय! कमलाकांतरावांनी घरी येऊन देवघर पालथं घातलं आणि चाकूनं बैठकीची एक कडी खरवडली. आत पिवळं चमकलं.

"कुंदा! पितळ!" ते असे ओरडले की कुंदाताईंच्या हातून दूध उतू गेलं.

मग रंग काढायचं ठरलं. ठरवलं कमलाकांतरावांनी, काढला ईशाननं. तोंडाला रुमाल बांधून तो व्हरांड्यात बसला. रिमूव्हर लावायचा, रंग फुगला की पत्र्याच्या पट्टीनं खरवडायचा, मग तारेचा ब्रश मारायचा. वडील खुर्चीत बसून उंटावरून शेळ्या हाकत होते. "हळू. ऐतिहासिक वस्तू आहे. तुझ्या बँकेचा काउंटर नाही." लाल गेला, गुलाबी गेला, पिस्ता सालासारखा निघाला. दोन रविवार खपल्यावर खालून जी वस्तू बाहेर आली ती खरोखर देखणी होती. अंग बिडाचं, दोन्ही बाजूंना पितळी कड्या. वरच्या काठांवर समोरासमोर सात-सात खाचा. आत जाळी, जाळीखाली तिरपी पन्हळ, तळाला ओढून काढायचा कप्पा आणि हवा कमी-जास्त करायची एक चिमुकली झडप.

रागिणी चहा घेऊन आली आणि दारातच थबकली. तिच्या आजोबांची अशीच एक पत्र्याची होती. होळीच्या दुसऱ्या दिवशी ते परसात तिच्यावर मटणाच्या सीखा भाजत. खाचांत सीख टेकवायची, झडप उघडून निखारा फुलवायचा, चरबी पन्हळीतून गळते. शेंबड्या पोरानंही ओळखली असती.

कमलाकांतरावांनी चष्मा पुसला, सात खाचा तीनदा मोजल्या आणि उभे राहिले.

"सप्तजिव्हा," ते म्हणाले. "अग्नीच्या सात जिव्हा. हे यज्ञकुंड आहे. आमचे पूर्वज अग्निहोत्री होते, मी नेहमी म्हणत आलो."

असं ते कधीच म्हणाले नव्हते. पण आता थांबतात कसले! पन्हळ म्हणजे तुपाच्या धारेची वाट. तळाचा कप्पा म्हणजे भस्मपात्र. झडप म्हणजे वायूचं द्वार. आजीनं देवी हिच्यावर का बसवली याचं कोडं त्यांना तिथल्या तिथं उलगडलं. अग्नीच्या पीठावर लक्ष्मी! पन्हळीच्या बुडाशी काळा, डांबरासारखा थर चिकटलेला होता. ईशान तो खरवडायला लागला तसा त्यांनी त्याचा हात धरला. "खबरदार! ही कित्येक पिढ्यांच्या आहुतींची शेष आहे."

रागिणी तोंड उघडणार होती. माणूस कितीही नावडता असला तरी खड्ड्यात जाताना दिसला की आपण हाक मारतो. पण तेवढ्यात कमलाकांतरावांनी त्या काळ्या थरावर बोट फिरवलं, डोळे मिटले आणि ते बोट कपाळाला लावलं. ते पाहून तोंडावर आलेलं वाक्य तिनं चहाबरोबर गिळून टाकलं. मग दरसकाळी अंघोळ झाली की ते त्या थराचा टिळा लावून तलावावर जाऊ लागले, आणि समईवाल्याचं तोंड बंद झालं.

बँकेत जाताना तिनं ईशानला सांगितलं, "ती सीखकबाबची शेगडी आहे."

"दिसतंय मला," ईशान म्हणाला. "पण तू गप्प बस. बाबांचं बीपी वाढेल."

ईशानला सगळं दिसत असे. व्हरांड्यातली कागदाची प्लेटही त्याला इतकी वर्षं दिसत होती. दिसण्यात तो हुशार होता.

महालक्ष्म्या संध्याकाळी यायच्या, त्या दिवशी सकाळी कमलाकांतरावांनी हवन ठेवलं. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, तसे ते पहाटेपासून रेशमी सोवळं नेसून तयार. तलावावरची मंडळी आली. समईवाल्याला मुद्दाम पुढं बसवलं. अकोल्याहून मैनाआत्या आल्या होत्या. या कमलाकांतरावांच्या सख्ख्या आत्या, पंचाऐंशीच्या पुढच्या. ऐकू कमी, बोलणं भरपूर, आणि कोणाची भीडभाड नाही. त्यांना खुर्चीत बसवलं आणि त्या बसल्या जागी डुलक्या घेऊ लागल्या. हवनापुरता हॉलच देवघर झाला होता, म्हणून रागिणी त्याच्या दाराशी उभी राहिली, उंबऱ्याच्या बाहेर, शास्त्राप्रमाणे.

गुरुजींनी कुंडाकडे पाहून डोकं खाजवलं. "वकीलसाहेब, यज्ञकुंडाला जाळी?"

"विशिष्ट परंपरा," कमलाकांतराव म्हणाले. वकिलाशी कोण वाद घालणार? गुरुजींनी कोळसे रचले, कापूर पेटवला. कमलाकांतरावांनी स्वतः झडप उघडली. निखारा असा सरसर फुलला की मंडळी वा वा म्हणाली. शेगडी आपलं काम विसरली नव्हती.

मंत्र सुरू झाले. तुपाची धार पडली. बीड हळूहळू तापलं, पन्हळ तापली आणि पिढ्यान्‌पिढ्यांची ती शेष पातळ होऊन चुरचुरायला लागली. आधी नुसता धूर आला. मग वास आला. खरपूस, स्निग्ध, खाणाऱ्याच्या तोंडाला पाणी आणणारा आणि न खाणाऱ्याला मळमळवणारा, ओळखायला चुकणारच नाही असा वास. गुरुजींचा मंत्र अडखळला. समईवाल्यानं खिशातून रुमाल काढून नाकाला लावला.

खुर्चीतल्या मैनाआत्यांनी डोळे उघडले. नाक वर करून त्यांनी हवा ओढली, आणि त्यांच्या सुरकुतलेल्या चेहऱ्यावर लहान मुलीसारखं हसू आलं.

"अण्णा आले का?" त्यांनी विचारलं.

"कोण अण्णा, आत्या?" कुंदाताई म्हणाल्या.

"कोण म्हणजे? माहे वडील! हा त्यायच्या सीखांचा वास होय." मग त्यांची नजर हवनावर गेली. "अबाबा! शेगडी कुठं सापडली रे कमल्या? चिखलदऱ्याचा जंगलसाहेब विलायतेले गेला तं अण्णाले देऊन गेला होता. दोघं संगं शिकारीले जात. अण्णा कोर्टातून आले का परसात खुर्ची टाकून बसत अन् मले म्हणत, मैने, वारा घाल. मी सुपानं वारा घालत होती. एक सीख मलेही भेटे."

"आत्या, तुम्ही झोपेत आहात," कमलाकांतराव कसेबसे म्हणाले.

"झोपेत तू आहे. अण्णा गेले तं आईनं हिले रंग फासला अन् वर देवी बसवली. म्हणे, देवी बसली का पुन्हा कोणी पेटवाची हिंमत करणार नाही. बैठक बदलू नका, रंग देत राहा, हे काहून सांगून गेली ते? झाकली मूठ सव्वा लाखाची. तू उघडली."

निखाऱ्यावर चुरचुर चालूच होती. मग सगळ्यांच्या नजरा एक एक करून कमलाकांतरावांच्या कपाळावर गेल्या. तिथं काळाभोर टिळा होता, आणि घामानं तो नाकाकडे ओघळत होता.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. गुरुजींनी पळी-भांडं आवरलं. मंडळींना अचानक कामं आठवली. समईवाला मात्र प्रसाद घेऊन, सावकाश, सगळ्यांच्या शेवटी गेला. रागिणीनं त्याला चप्पल शोधून दिली. इतकं सुख तिला या घरात कधी झालं नव्हतं, आणि ते तिनं पुरेपूर भोगलं.

पण संध्याकाळी देवी यायची होती. कमलाकांतराव डोक्यावरून अंघोळ करून आले आणि म्हणाले, "दुसरी बैठक आणा."

"नको," कुंदाताई रडवेल्या झाल्या. "सासूबाई मला बजावून गेल्यात. बैठक बदलली आणि घरावर काही आलं म्हणजे?"

"इतके वर्षं देवीले काही झालं नाही," मैनाआत्या खुर्चीतून म्हणाल्या. "तुले काय झालं?"

कमलाकांतराव पेचात सापडले. बैठक टाकावी तर एवढी वर्षं देवी कबाबाच्या शेगडीवर बसवली हे कबूल. ठेवावी तर देवीला ते चालतं हे कबूल. कोर्टात अशा वेळी ते पुढची तारीख मागत. इथं तारीख द्यायला कोणी नव्हतं.

"रंगवून टाका," ते शेवटी म्हणाले. "लाल रंगाचा डबा आहे ना? रंग लागला की झालं."

आता रंगवणार कोण? कुंदाताईंनी हात पदराखाली घेतले. ईशानला बँकेतून फोन आला, किंवा आला असं त्यानं दाखवलं. कमलाकांतरावांची नजर फिरत फिरत दाराशी आली. तोच गोड आवाज लागला.

"रागिणी, तूच घे गं हे. तुला काय, तुमच्यात चालतंच. ये, आत ये."

देवघराकडे या आवाजात तिला कधी कोणी बोलावलं नव्हतं. रागिणीनं उंबऱ्याकडे पाहिलं. घरात ती पुस्तकी बोलायची, आपली बाळापूरची भाषा रोज फाटकाशी उतरवून ठेवून आत यायची. आज ती भाषा आपणहून आत आली.

"मी हात लावला तं कसं चालन, बाबा? देवीची बैठक होय ते. विटाळ होईन. शास्त्र आहे ना?"

मैनाआत्या खदखदून हसल्या. ऐकू कमी येणाऱ्या माणसाला हवं ते बरोबर ऐकू येतं.

शेवटी कमलाकांतराव स्वतः व्हरांड्यात उकिडवे बसले. उभ्या जन्मात ब्रश हातात धरलेला नाही. शेगडी अजून कोमट होती. रंग तिच्यावर फसफसला, ओघळला, बोटांना लागला, नखांत गेला, सोवळ्यावर उडाला. त्यांनी खाचा भरल्या, झडप भरली, पितळी कड्यांवर दोनदा हात मारला. रागिणी समोर बसून पडवळ चिरत ते सगळं बघत राहिली. तिला जराही कीव आली नाही.

देवी हॉलमध्ये ओल्या रंगावरच बसली. लुगड्याची किनार बैठकीला चिकटली, ती चिकटलेलीच राहिली.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या वेळी जमुनाबाई आल्या. त्यांनी देवीपुढं खण-नारळ ठेवला, नमस्कार केला आणि कोणी न सांगता व्हरांड्याकडे वळल्या. कुंदाताई कागदाची प्लेट घेऊन निघाल्याच होत्या. रागिणीनं ती त्यांच्या हातातून काढून घेतली, मायला दंडाला धरून हॉलमध्ये आणलं आणि पंगतीच्या मधोमध, मैनाआत्यांशेजारी, पाटावर बसवलं. पुढं केळीचं पान मांडलं.

कमलाकांतरावांनी तोंड उघडलं. रागिणीनं फक्त मोठ्या महालक्ष्मीच्या पायांकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. त्यांचे दोन्ही हात मनगटापर्यंत लाल होते. साबणानं घासून घासून कातडी सोलली होती, रंग तसाच होता.

"वाढा," ते जमिनीकडे पाहत म्हणाले. "जमुनाबाईंना तूप वाढा."

पंगत उठल्यावर माय व्हरांड्यात जाऊन तिच्या नेहमीच्या खुर्चीत बसली. रागिणी मागोमाग गेली. जिंकल्याचा आनंद तिच्या पोटात मावत नव्हता. मायच्या पायाशी बसून, हसू दाबत, तिनं खालच्या आवाजात सगळी गोष्ट सांगितली. सप्तजिव्हा, टिळा, वास, अण्णा. मायनं सुपारी कातरत सगळं ऐकलं. हसली नाही.

"मले माहीत होतं," ती म्हणाली.

"काय माहीत होतं?"

"का ती शेगडी होय म्हणून. तुह्या लग्नाच्या सालीच पाह्यली. मी श्रावणात तुह्या भेटीले आली होती, तवा इथंच तं वाळून राहिली होती, उलटी. रंगानं काय पन्हळ लपते? तुह्या आजोबाची जलमभर घासली ना म्या."

रागिणी तिच्या तोंडाकडे बघत राहिली. "मंग बोलली काहून नाही, माय? एवढे वर्षं तुले इथं भाईर जेवू घातलं त्यायनं!"

"काय बोलाव? माह्या एका पानासाठी लोकायची देवी उठवाव का?" मायनं सुपारीचं खांड तोंडात टाकलं. "मी इथून तिले पाहो. म्हणो, बाई, तुले चालते ना, मंग झालं. बाकीच्यायचं तुह्यं तू पाह्य. म्हणून तं येत होती दरसाल."

मघाशी देवीला पुढं करून सासऱ्यांकडे पाहिलं ते पाहणं रागिणीला आठवलं, आणि तिला स्वतःचाच राग आला, सासऱ्यांचा येई तेवढाच. आतून नळाचा आवाज येत होता. कमलाकांतराव पुन्हा हात घासत होते.

"साबणानं नाही निघत तो," माय म्हणाली. "जाय, त्यायले टर्पेन्टाइन दे. सोलून राहिला बिचारा."

रागिणी उठली, पायरीवर रंगकामातली राहिलेली टर्पेन्टाइनची बाटली आणि एक जुना कपडा घेतला आणि आत गेली.